स्ट्राँग नायिकेवर अन्याय होऊच शकत नाही का?

ठाण्यात आमचा नाटकवाल्यांचा एक छोटा ग्रुप आहे, कॉलेजची पोरं, नोकरीवाले, दोघंतिघं रिटायर्ड, नौपाड्यात एकाच्या घरी हॉलमध्ये बसून आम्ही एकांकिका वाचतो. मध्ये एका मुलीनं लिहिलेलं स्क्रिप्ट वाचलं. नायिका कबड्डीची रेडर, जिल्ह्याकडून खेळलेली, स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी लागलेली, बोलायला फटकळ, ठाणे-वाशी लोकलमध्ये कोणी आगाऊपणा केला तर सरळ कॉलर धरणारी. आणि घरी नवरा मारतो आणि ती बरेच दिवस कोणाला सांगत नाही. वाचन संपल्या संपल्या पहिली कॉमेंट आली की हे पटत नाही, एवढी स्ट्राँग बाई मार कशी खाईल, एकतर तिला आधीपासून साधीभोळी दाखव नाहीतर पहिल्या थोबाडीलाच नवऱ्याला आपटताना दाखव. बऱ्याच जणांनी माना डोलावल्या, त्यात बायका पण होत्या.

लिहिणारी मुलगी गप्प झाली. मला तिचं स्क्रिप्ट शंभर टक्के पटलं होतं, आणि का पटलं ते त्या दिवशी घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय, कारण हा गैरसमज फक्त नाटकापुरता राहत नाही, तो खऱ्या बायकांपर्यंत पोचतो.

गडबड अशी होते की आपण दोन वेगळे प्रश्न एकात कालवतो. ती बाई कशी आहे हा एक प्रश्न. तिच्याशी कोणी काय केलं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर तिच्या स्वभावात शोधायचं, दुसऱ्याचं उत्तर समोरच्या माणसात आणि त्याला मोकळीक देणाऱ्या आजूबाजूच्यांमध्ये. मार बसणं हा काही तिचा स्वभाव नाहीये, ती मारणाऱ्याची करणी आहे. मग तिच्या अंगावरचे वळ बघून तिचा स्वभाव ठरवायचा कशाला? ती कणखर पण असू शकते आणि तिच्यावर अत्याचार पण होऊ शकतो, एकाच दिवशी, एकाच तासात.

आपल्याकडे हे समजवायला लांब जावंच लागत नाही. द्रौपदी घ्या. द्यूतसभेत तिला बोलवायला प्रातिकामी, म्हणजे दुर्योधनाचा निरोप्या, येतो तेव्हा ती रडत बसत नाही, ती त्याला उलटा परत पाठवते, जा आणि विचार की युधिष्ठिरानं आधी स्वतःला हरवलं की मला. हा एकदम वकिली प्रश्न आहे, कारण जो स्वतःच दास झाला त्याला दुसऱ्या कोणाला पणाला लावायचा अधिकार उरतो का. नंतर दुःशासन केस धरून तिला ओढत आणतो, ती रजस्वला आहे, एकवस्त्रा आहे, आणि त्या अवस्थेत सुद्धा ती भर सभेत तोच प्रश्न परत विचारते. भीष्म म्हणतात धर्म सूक्ष्म आहे, मला निर्णय देता येत नाही. दुर्योधनाच्या भावांमधला विकर्ण तेवढा उठून तिच्या बाजूनं बोलतो आणि कर्ण त्याला खाली बसवतो. म्हणजे सभेत सगळ्यात स्पष्ट डोकं कोणाचं चालतंय तर तिचं, आणि सगळ्यात जास्त अत्याचार कोणावर होतोय तर तिच्यावरच. तिचा प्रश्न बिनतोड होता म्हणून दुःशासनाचा हात थांबला असं काही झालं नाही. पुढे धृतराष्ट्र वर देतो तेव्हा ती पहिल्या वरात युधिष्ठिराला सोडवते, दुसऱ्यात बाकीच्या चौघांना शस्त्रं आणि रथांसकट, आणि तिसरा वर नाकारते. कर्णाला सुद्धा म्हणावं लागतं की बुडणाऱ्या पांडवांना हिनं नावेसारखं तारलं. आता सांगा, ही बाई स्ट्राँग की अत्याचार झालेली? हा प्रश्न असा विचारायचाच नसतो.

आणि मला त्याहून जास्त शिकवणारा वाटतो तो विराटाकडचा भाग, ज्याच्याबद्दल आपण कमी बोलतो. अज्ञातवासात ती सैरंध्री म्हणून सुदेष्णा राणीकडे कामाला आहे. राणीचा भाऊ कीचक मागे लागतो. ती स्वच्छ नाही म्हणते. तरी राणी स्वतःच तिला कीचकाकडे मद्य आणायला पाठवते, म्हणजे मालकिणीला माहितीये तिथे काय होणारे आणि तरी पाठवते. ती तिथून निसटून राजसभेत धावते तर कीचक मागून येऊन तिला तिथे लाथ मारतो, राजासमोर, आणि कंक बनून बसलेल्या युधिष्ठिरासमोर. नवरा समोर आहे आणि उठू शकत नाही, कारण ओळख फुटली तर पुन्हा बारा वर्षं वनवास. ती ओरडून मी कोण आहे ते सांगू शकली असती की! पण त्याची किंमत सगळ्यांना भरावी लागली असती. मग ती रात्री मुदपाकखान्यात भीमाला उठवते, त्याला तयार करते आणि कीचकाला नृत्यशाळेत बोलावून मारायचा बेत ठरतो. ताकद तीच, बाई तीच, पण सभेत तिचे हात बांधलेले होते ते परिस्थितीनं, स्वभावानं नाही. मराठी लेखकांनी हा प्रसंग नुसता भीमाच्या पराक्रमासाठी वाचू नये, नोकरीवरच्या बाईची कोंडी म्हणून वाचावा असं मला मनापासून वाटतं.

आता कबड्डीवाल्या नायिकेकडे येते. मॅटवर समोर सात जणी असतात हे खरं, पण तिथे मधली रेष असते, रेफ्री असतो, तीस सेकंदांची रेड असते, रेषेला हात लागला की सुटका. घरात यातलं काहीच नसतं. रेफ्री नाही, रेष नाही, वेळ संपत नाही आणि समोरचा माणूस विरोधी टीमचा पण नाही, तो आपला आहे असं सगळे सांगतात. ताकद म्हणजे काही एकच वस्तू नव्हे जी कुठेही नेली तरी तेवढीच भरेल. अंगाची ताकद वेगळी, पैशाची वेगळी, माहेरच्या आधाराची वेगळी, कायदा माहीत असण्याची वेगळी, आपलं म्हणणं लोक खरं मानतील याची खात्री असण्याची तर फारच वेगळी. एखादीकडे यातल्या दोन भरपूर असतात आणि तिसरी शून्य, आणि त्रास देणारा माणूस नेमका ती तिसरी बाजू हेरतो.

शिवाय हे सगळं पहिल्या थोबाडीनं सुरू होतच नाही. आधी पगाराचं एटीएम कार्ड माझ्याकडे राहू दे, मग मैत्रिणी नको, मग फोन बघू, मग मॅचला जायची गरज काय, आणि प्रत्येक पायरी एवढी छोटी की तिच्यावरून भांडायचं तर आपणच वेड्यात निघू असं वाटतं. हात उठेपर्यंत सांगायला जवळचं कोणी उरलेलं नसतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे ना, त्यात म्हणूनच फक्त मारहाण नाही तर शाब्दिक-मानसिक छळ, लैंगिक छळ आणि आर्थिक छळ पण हिंसाच धरलाय. (हे वाचताना कोणाला स्वतःचं काही आठवलं तर १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, नंबर सेव्ह करून ठेवा.) आणि स्ट्राँग म्हणून नाव असलेल्या बाईला एक जादा त्रास असतो तो असा की तिला सांगायची जास्त लाज वाटते. सगळी चाळ तिला वाघीण म्हणते, मग वाघिणीनं कोणाला जाऊन सांगायचं. आमच्या लेखिकेनं तिचं गप्प राहणं तिच्या त्या नावातूनच आणलं होतं, म्हणून मला ते एवढं पटलं. मी तिला एवढंच सुचवलं की तू नायिकेला अजिबात पातळ करू नकोस, उलट प्रॅक्टिसचा एक सीन वाढव जिथे ती ज्युनियर पोरींना शिकवतेय आणि एक पोरगी विचारते ताई दंडाला काय झालं, आणि ताई म्हणते टॅकल लागला. खेळाडूच्या अंगावरचे वळ कोणाच्या डोळ्यात भरतच नाहीत, तिची ताकदच तिच्या नवऱ्याला लपायला उपयोगी पडते.

बरं, आता तो "तिनं हात का नाही उचलला" वाला प्रश्न. अतोनात भीतीत माणूस लढतो किंवा पळतो एवढंच आपण शिकलो, पण तिसरं पण होतं, शरीर गोठतं. आवाज फुटत नाही, हात हलत नाही, आणि हे ठरवून होत नाही, ताकदवान माणसाचं पण होतं. हे न कळल्यामुळे आपल्याच राज्यात काय झालं ते प्रत्येक लेखकानं वाचावं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. हायकोर्टानं शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोघा पोलिसांना सोडलं, अंगावर जखमा नाहीत, प्रतिकार दिसत नाही, असा सूर होता. त्यावर उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी कोर्टाला उघड पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ ला कायदा बदलला. २०१३ च्या बदलात तर स्पष्ट लिहिलं गेलं की शरीरानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरायचं नाही. म्हणजे कायद्याला जे पटायला एवढी वर्षं लागली ते आपण एकांकिकेच्या चर्चेत बसून परत उलटं फिरवत असतो, "स्ट्राँग असती तर प्रतिकार केला असता" म्हणून. लेखकानं हे वाक्य डोक्यातून काढलं पाहिजे, कारण प्रेक्षक ते नाट्यगृहातून घरी घेऊन जातो आणि शेजारच्या बाईला लावतो.

मराठी नाटकात ही गोष्ट ज्यांनी सगळ्यात निर्दयपणे दाखवली ते तेंडुलकर. 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ चं, सुलभा देशपांडेंनी पहिल्यांदा त्यातली नायिका, शिक्षिका असलेली बेणारे उभी केली. बेणारेबाई आल्या आल्या स्टेजवर जी हसते, चिडवते, गाणी म्हणते, शाळेतल्या पोरांबद्दल भरभरून बोलते, त्या पहिल्या भागात तिच्याएवढं जिवंत कोणी नाही. अभिरूप न्यायालयाचा, म्हणजे लुटुपुटूच्या खटल्याचा, प्रयोग करायला आलेली मंडळी टाइमपास म्हणून तिला आरोपी करतात, आरोप भ्रूणहत्येचा, आणि गंमत गंमत म्हणता सगळे खरंच तिच्या आयुष्यात हात घालायला लागतात. काशीकर, सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक, रोकडे, प्रत्येक जण आपापल्या आयुष्यात हरलेला आहे आणि प्रत्येकाला ती खुपते, का, तर ती कमावते, हसते, कोणाला विचारत नाही. म्हणजे तिचा कणखरपणा तिला वाचवत नाही एवढंच नाही, तिचा कणखरपणा हाच तिच्यावरचा आरोप आहे! हे नीट लक्षात घ्या, कारण स्ट्राँग बाईवर अत्याचार कसा होईल असं विचारणाऱ्यांना हेच दिसत नाही की बऱ्याचदा ती स्ट्राँग आहे म्हणूनच होतो, तिला जागेवर आणायला होतो. आणि ज्या प्रोफेसर दामल्यांमुळे तिला दिवस राहिलेत ते पूर्ण नाटकात येतच नाहीत. त्यांच्यावर खटला नाही. शेवटी तिचं ते मोठं स्वगत आहे, आणि ती बोलते तेव्हा बाकीचे सगळे थिजून उभे असतात, म्हणजे ते ऐकू कोणाला येतं तर फक्त आपल्याला. सगळ्यात समर्थ भाषा तिच्याकडे आहे आणि ऐकणारं कोर्ट नाही. मला विचाराल तर मराठीत या विषयावर याच्यापुढे कोणी गेलेलं नाही.

तेंडुलकरांचीच चंपा, 'सखाराम बाइंडर' मधली, नवऱ्याला सोडून आलेली, कोणाला न भिणारी, आणि तरी डोक्यावर छप्पर हवं म्हणून सखारामला सहन करायला दारू लागते तिला, आणि शेवटी त्याच्याच हातून मरते. तिच्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं.

पोरांना बेणारेपेक्षा आर्ची जवळची. 'सैराट', २०१६. बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, पिस्तूल झाडते, सगळ्या महाराष्ट्रानं शिट्ट्या मारल्या. पण ती ताकद कुठून आलेली होती ते बघा, पाटलाची पोरगी म्हणून. बुलेट बापाची, दरारा बापाचा. हैदराबादला पळून गेल्यावर ते सगळं गळून पडतं, वस्तीतल्या खोलीत ती रडते, परत घरी जावंसं वाटतं. काही जण म्हणाले सेकंड हाफमध्ये आर्ची बिघडवली. अजिबात नाही, तिथेच तर ती घडते, बॉटलिंगच्या कारखान्यात काम करते, तेलुगू शिकते, घर उभं करते, आणि ही दुसरी ताकद कोणाच्या नावावर घेतलेली नाही. आणि मग भाऊ येतो आणि मारून टाकतो. तिच्यात काय कमी होतं म्हणून ती मेली? काहीच नाही. जातीच्या इज्जतीसाठी मारणाऱ्यांपुढे एकट्या माणसाचा कणखरपणा पुरत नाही हेच तर नागराज मंजुळेंना दाखवायचं होतं असं मला दिसतं, आणि शेवट सुखाचा केला असता तर पहिल्या भागातली बुलेट सुद्धा खोटी वाटली असती.

आता दुसरी बाजू, कारण आमच्या ग्रुपमधल्या एका ताईनं फार रास्त मुद्दा काढला होता, की मग काय कोणीही उठून बाईला स्ट्राँग म्हणायचं आणि पुढच्या सीनला तिचे हाल करायचे, चालेल का? नाही चालणार. यात लेखक लोक खूप लबाडी करतात. १९९४ च्या एका अमेरिकन ग्रीन लँटर्न कॉमिकमध्ये हिरो घरी येतो तर त्याच्या मैत्रिणीला मारून फ्रिजमध्ये कोंबलेलं असतं, कशासाठी, तर हिरोला राग यावा आणि त्याची गोष्ट पुढे सरकावी. १९९९ मध्ये गेल सिमोन या बाईंनी अशा मेलेल्या, जायबंदी झालेल्या, शक्ती काढून घेतलेल्या कॉमिकमधल्या बायकांची यादीच केली आणि त्या फ्रिजवरून तिला नाव दिलं. आपल्या सिनेमात तर बहिणीवर अत्याचार, भाऊ सूड घेतो, बहीण इंटरव्हलनंतर कुठे गेली कोणाला आठवत नाही, हे आपण किती वर्षं बघतोय.

फरक कसा ओळखायचा याचं एक भारी उदाहरण कॉमिकमध्येच आहे. बार्बरा गॉर्डन म्हणजे बॅटगर्ल. १९८८ च्या एका कथेत जोकर तिला गोळी घालतो, तिच्या पोलीस कमिशनर बापाला वेडं करायला, आणि ती त्या कथेत जवळजवळ एक वस्तू होऊन राहते, सगळं दुःख बापाचं आणि लढाई बॅटमॅनची. पण जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या दोन लेखकांना ते सहन झालं नाही. त्यांनी १९८९ पासून तिला ऑरॅकल म्हणून परत आणलं, व्हीलचेअरवर, पण कॉम्प्युटर आणि माहितीच्या जोरावर बाकीच्या सगळ्या सुपरहिरोंना जिच्यावर अवलंबून राहावं लागतं अशी. गोळी तीच, जखम तीच, ती पुसली नाही की चमत्कारानं बरी केली नाही. फक्त यावेळी गोष्ट तिची होती. म्हणून मी स्क्रिप्ट वाचताना अत्याचार आहे की नाही याच्यापेक्षा हे बघते की तो झाल्यावर आपण कोणाच्या मागे जातोय. तिला त्याच्या आधीचं आयुष्य होतं का, तिला नंतर काय वाटलं हे तिच्या तोंडून कळतं का, ती चिडू शकते का, चुकू शकते का, की ती फक्त हिरोच्या डोळ्यातलं पाणी आहे.

आणि अजून एक प्रकार मला खटकतो, तो जरा हळू बोलायचा विषय आहे कारण यात लेखकाचा हेतू चांगला असतो. अत्याचार झाला आणि त्यामुळे ती स्ट्राँग झाली, असं दाखवतात. आधी लाजरीबुजरी, मग तो प्रसंग, मग केस कापून जीन्स घालून कराटे. म्हणजे अत्याचार हा जणू कोर्स होता! जी बाई सावरते ती त्या प्रसंगामुळे नाही सावरत, त्याच्या विरोधात सावरते, आणि सावरायला तिला जे लागतं, म्हणजे पैसे, राहायला जागा, विश्वास ठेवणारी दोन माणसं, ते दाखवायचं सोडून आपण कराटे दाखवतो. आणि जी सावरत नाही ती कमी स्ट्राँग असं पण नाही. बेणारे नाटकाच्या शेवटी उठून कोणाला थोबाडीत मारत नाही. त्यानं ती लहान झाली का?

राहिला स्टेजवर किती दाखवायचं हा प्रश्न, नव्या लिहिणाऱ्या पोरांना यात फार अडकायला होतं. माझं मत असं की मारहाणीचा सीन जेवढा लांबवाल तेवढा प्रेक्षक मारणाऱ्याच्या हाताकडे बघत बसतो, तिच्याकडे नाही. 'शांतता' मध्ये कोर्टाच्या खेळात कोणी बेणारेला पट्ट्यानं मारत नाही, प्रश्न विचारतात फक्त, तरी शेवटी बघणाऱ्याला श्वास घ्यायला जड जातं. त्यामुळे मारहाण विंगेत गेली तरी हरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबा कसा भरते, ऑफिसच्या ग्रुपवर काय टाईप करून खोडते, पलीकडच्या खोलीत सासू टीव्हीचा आवाज का वाढवते, शेजारचे काका लिफ्टमध्ये का खाली बघतात, हे लिहा. विशेषतः ती सासू आणि ते काका, त्यांना भरपूर डायलॉग द्या, त्यांना स्टेजच्या मधोमध आणा आणि त्यांना विचारू दे कोणीतरी, की तुम्हाला भिंतीपलीकडून आवाज येत होता ना?